ओठ मिटून

माझी लेक बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवते. बारा वर्षं हेच काम. प्रत्येक शब्द ओठ मोठे हलवून दाखवायचा, म्हणजे मुलांना तो दिसतो. घरी मीठ मागतानाही तिचं तोंड तसंच चालतं. "शेजाऱ्यांनाही कळलं, आमटी अळणी झालीय," तिचे बाबा चिडवतात.

तिच्या मेंदूत डाव्या बाजूला गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, "काढू. पण बोलण्याची जागा गाठीच्या किती जवळ आहे ते आधी बघायला हवं." त्यासाठी एमआरआयच्या बोगद्यात झोपून चित्रं बघायची आणि त्यांची नावं मनातल्या मनात म्हणायची. त्या वेळी मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तो पडद्यावर रंगीत दिसतो.

पहिली तपासणी वाया गेली. "ताई, ओठ हलतायत, त्याबरोबर डोकंही हलतंय," मशीनवरचा माणूस सांगून सांगून थकला.

"आई, शब्द आला की तोंड उघडतंच गं!" ती रडकुंडीला आली होती.

मग चार दिवस घरी सराव. मी चित्रं धरायची, ती ओठ मिटून बघायची, नाव मनात म्हणून झालं की बोट उचलायची. छत्री, कात्री, कुलूप. कुलपाशी तिचं बोट उठेचना. शब्द आत आहे की गेला, बाहेरून कळेना.

"बोल!" मी किंचाळले.

"कुलूप! अगं, तूच गप्प राहा म्हणालीस ना?"

ती हसली. मला हसू येईना.

दुसऱ्या खेपेला चित्र नीट आलं. बोलण्याची जागा गाठीच्या मागच्या कडेला चिकटूनच होती. "ती कड काढली तर बोलणं जाऊ शकतं," डॉक्टर म्हणाले, "ठेवली तर गाठ पुन्हा वाढू शकते. तुमचं मत हवंय."

सगळी काढा, मुकी तर मुकी, जगेल तरी, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

"ठेवा," लेक म्हणाली. "नव्या सत्रात सात मुलं येतायत माझ्या वर्गात."

संमतीपत्रावर साक्षीदार म्हणून मी सही केली. ऑपरेशन परवा आहे. अजूनही वाटतं, सकाळी जाऊन ती सही खोडून यावी.