बादशहावर चिडलेले साडूभाऊ

आमच्या साडूभाऊंनी जिच्यावर राग धरला नाही अशी वस्तू या ब्रह्मांडात शिल्लक नसावी. ब्रह्मांड हा शब्द मी उगाच वापरत नाही. माणसं शेजाऱ्यावर चिडतात, सासुरवाडीवर चिडतात, फार तर सरकारवर चिडतात. साडूभाऊ ग्रहताऱ्यांवर चिडायचे, आणि तेही पेटीवर, सुरात. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आम्ही सगळे जिला बाई म्हणतो तिचे, हे यजमान. चहा गरम असला तर ते चहावर चिडत, निवला तर बशीवर. रेडिओवर ‘राज्यात सर्वत्र’ असं कुणी म्हणालं की रेडिओसमोर बोट नाचवत, “आमी राज्यात नाई का बे?” एकदा बाजारात पायाला ठेच लागली, तर तो दगड त्यांनी पिशवीत घालून घरी आणला आणि आठवडाभर अंगणात उन्हात ठेवला. “पडू दे तसाच. समजू दे त्याले,” म्हणाले. बाईने तो उचलून तुळशीपाशी सावलीत ठेवला, तर तिच्याशी दोन दिवस बोलणं बंद.

आलापल्लीहून सिरोंच्याकडे निघालं की लागणाऱ्या एका बाजारगावात त्यांचा व्हिडिओ हॉल होता. नव्वदीची सुरुवातीची वर्षं ती. हॉल म्हणजे कुडाच्या भिंती, वर पत्रे, खाली ताडपत्री आणि समोर टेबलावर हार घातलेला टीव्ही. मी आरमोरीला मास्तर. सुट्या लागल्या की बिऱ्हाड घेऊन तिकडेच जायचो. एका पावसाळ्यात त्या टीव्हीचा आवाज गेला. साडूभाऊ तो खोका यष्टीच्या टपावर टाकून चंद्रपूरला घेऊन गेले आणि मेकॅनिकशी कडाकडा भांडून तसाच मुका परत घेऊन आले. मेकॅनिकने त्यांना ‘काका’ म्हटलं होतं, एवढंच कारण. आता मुक्या टीव्हीवर हिंदी सिनेमा कोण पाहणार? पण साडूभाऊंच्या कपाटात एका इंग्रजी सिनेमाचे तीन भाग पडून होते. आकाशातल्या लढाया, लोखंडी माणसं, ताऱ्यांवर राज्य करणारा एक दुष्ट बादशहा आणि त्याच्याविरुद्ध उठलेली काही पोरं. “याच्यात आवाज होता तवा तरी कोनाले काय समजत होतं?” असा बिनतोड सवाल त्यांनी मला केला आणि पेटी उचलून थेट टीव्हीच्या बाजूला मांडी ठोकली.

गावच्या दंडारीत, म्हणजे झाडीपट्टीतल्या नाचगाण्याच्या लोकनाट्यात, ते वर्षानुवर्षं पेटी वाजवत आलेले. त्याच चालींवर त्यांनी तो अख्खा सिनेमा गाऊन दाखवायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी मीही ताडपत्रीवर होतो. पडद्यावर बादशहाचं यान आलं, आणि साडूभाऊंच्या कपाळाची शीर तट्ट फुगली.

“सात अस्मान लांघून आली बादशाची गाडी,
आमची यष्टी नाल्यात फसली, धक्का मारे झाडी!”

हॉल नुसता उसळला. बाजाराला आलेले शेतकरी, सिरोंच्याकडून सुकी मासोळी विकायला आलेल्या तेलुगू बोलणाऱ्या बाया, आतल्या गावांतली गोंड म्हातारी माणसं, सगळे एकाच वेळी हसत होते. यष्टीला धक्का मारायला भाषा लागत नाही, तशी ते गाणं समजायलाही लागली नाही. पुढे एक लोखंडी नोकर आला, मालकाच्या मागे-मागे मुकाट फिरणारा. साडूभाऊंनी त्याला घरजावई केला आणि भरल्या हॉलमध्ये माझ्याकडे हात करून गायलं,

“खात नाई, पेत नाई, रुसत नाई सणाले,
असाच जावई पाह्यजे होता सासऱ्याच्या मनाले!”

त्यानंतर वर्षभर त्या गावात पोरंसोरं मला लोखंडी जावई म्हणत होती. असू दे.

बाजाराच्या दिवशी दुपारी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा उरेना. गाणी दर आठवड्याला बदलत. दवाखान्यात डॉक्टर नसला की बादशहा आजारी पडे आणि त्याला डॉक्टर मिळत नसे. दिवे गेले की बादशहाच्या यानातले दिवे जात. लोक सिनेमा पाहायला येत नव्हतेच. आपला राग कुणीतरी खड्या आवाजात, तालावर, बेधडक बोलून दाखवतोय, ते ऐकायला येत होते. साडूभाऊ गाऊन घरी आले की मात्र इतके शांत असत की बाई त्यांच्या कपाळाला हात लावून पाही. मी त्यांना इतकं सुखी पुन्हा कधी पाहिलं नाही.

तिसऱ्या भागात बंडखोर पोरं बादशहाच्या फौजेला चुकवून जंगलात लपतात असा एक प्रसंग होता. तिथे साडूभाऊ पेटी हळू करायचे आणि झाडाशीच बोलायचे,

“पोट्टे आले भागून, आड कर रे सागा,
बादशाचा शिपाई पुसन त नोको सांगू जागा!”

हसणारा हॉल इथे पुढे सरकून ऐकायचा. हे गाणं गडचिरोली जिल्ह्यात, नक्षलवादी आणि पोलीस यांच्या चकमकींच्या त्या काळात, सागाच्या जंगलाला टेकलेल्या गावात गायलं जात होतं, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. कुणीतरी जाऊन सांगितलं. ठाण्यातून बोलावणं आलं. मी सुटीवर होतो म्हणून सोबत गेलो. साहेब तरुण, बाहेरून नवीन बदलून आलेले.

“हे पोट्टे कोण?” त्यांनी विचारलं.

“इंग्रज हायत साहेब.”

“राहतात कुठे?”

“आकाशात.”

“मग सागाच्या जंगलात काय करतात?”

“मले तरी काय मालूम साहेब? बादशानं घर जाळलं असन त्यायचं.”

मी हसलो. साहेब हसले नाहीत. त्यांनी टीव्ही आणि कॅसेटी आणवल्या, लावून पाहिल्या, आणि मग तो प्रश्न विचारला जो आठवला की आजही माझ्या डोक्यात तिडीक जाते. “आवाज का बंद ठेवला आहे? लपवायचं काय आहे?” मेकॅनिकने काका म्हटल्याची हकिगत मी सांगू लागलो, तर मलाच गप्प बसवलं. मग साडूभाऊंना तिथेच, खुर्च्याटेबलांमध्ये उभं करून, ते गाणं म्हणायला लावलं. पेटीशिवाय. त्यांनी खाली मान घालून, शाळेत पाढे म्हणावेत तसं म्हटलं. दोन शिपाई भिंतीकडे तोंड करून हसू दाबत होते. त्यांना गाणं आधीपासून पाठ होतं, हे मी शपथेवर सांगतो. ताकीद देऊन सोडलं. सामान आठवड्याने परत मिळालं.

एवढ्यावर भागलं असतं. पण पुढच्याच बाजारी एक अनोळखी माणूस साडूभाऊंच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “आमी लपत नाई. आमची मजाक काऊन करून राह्यले तुमी? गाणं बंद करा.” आणि गर्दीत मिसळून गेला. म्हणजे इकडच्यांना वाटलं गाणं तिकडच्यांचं आहे, तिकडच्यांना वाटलं गाणं त्यांची टर उडवतं. कुठल्या परदेशातल्या कुणा माणसाने मनाने रचलेली गोष्ट, आणि दोन्हीकडच्या बंदुकांना त्यात आपलंच तोंड दिसलं! मला दोघांचाही संताप आला. अजून येतो. यष्टी नाल्यात फसते त्याचा राग या दोघांपैकी एकालाही आला नाही, तो गाणाऱ्याचा आला.

बाईने आपल्या दोन्ही पोरांना पुढ्यात उभं केलं आणि नवऱ्याचा हात त्यांच्या डोक्यावर ठेवला. “गासान का आता?” एवढंच विचारलं. साडूभाऊंनी मान हलवली. नाही गाणार. आणि ते खरंच गायले नाहीत. दंडारीतसुद्धा नाही. हॉलमध्ये पुढे किराणा दुकान निघालं. सगळ्यात वाईट म्हणजे त्यांचा राग गेला. यष्टी चुकली तर ‘येईन दुसरी’ म्हणत, गार चहा मुकाट पीत. लोक म्हणत, माणूस सुधारला. असं बोलणाऱ्याला ठोसा मारावासा वाटे.

बऱ्याच वर्षांनी त्याच सिनेमाचा नवा भाग हिंदीत चंद्रपूरला लागला. मी मुद्दाम त्यांना घेऊन गेलो. मनात आशा होती, खोटं कशाला सांगू. दुपारचा खेळ, टॉकीज रिकामी. जंगल आलं, पोरं झाडांमधून धावू लागली, आणि साडूभाऊंनी माझं मनगट धरलं. मला वाटलं, आता येतंय गाणं. ते वळून मागच्या रांगा बघत होते. मागे कॉलेजातला एक पोरगा पाय पसरून झोपला होता. त्याला चांगलं निरखून पाहून ते पुन्हा समोर वळले.

बाहेर आल्यावर आम्ही चहा घेतला. कसा वाटला, विचारलं. “चांगला होता,” ते म्हणाले. चहा निवला तरी कप त्यांच्या हातातच होता.

“मास्तर, एवढ्या जोरानं बोलून राह्यले होते ते पोट्टे बादशाच्या तोंडावर. त्यायले कोनी काई म्हनत नाई का?”

“नाही म्हणत, साडूभाऊ,” मी म्हणालो.

“बरं हाये,” ते म्हणाले, आणि निवलेला चहा एका घोटात संपवला.