पुट्टी भरलेली चीर

माणूस घरी यायचा म्हटला की आधी घर लखलखीत करायचं, ही आम्हा कोकणातल्या बायकांची खोड. गेल्या महिन्यात त्याच खोडीनं आमची वाट लागली.

मुलुंडला आम्ही भाड्यानं राहतो: मुलगा, सून, मी आणि हे. ह्यांची नजर गेली त्याला बरीच वर्षं झाली, पण हे घर त्यांच्या हाताला पाठ आहे. पलंगावरून उठायचं, भिंतीला हात लावत निघायचं, ओलीनं पडलेली चीर बोटाला लागली की डावीकडे बाथरूम. कुणाला हाक मारावी लागत नाही. म्हणून दर अकरा महिन्यांनी करार संपत आला की मी दिवस मोजायला लागते. घर बदललं तर आम्ही तिघं सरावू. हे कुठे हात लावणार?

तर मालक करार वाढवायला येणार म्हणून मी पठ्ठीनं रंगारी बोलावला. भिंती पांढऱ्याशुभ्र, चिरेत पुट्टी. वर पोहे केले, ओलं खोबरं पेरून. वाटलं, माणूस म्हणेल, असे भाडेकरू शोधून सापडत नाहीत.

मालक खूश झालेही. पोहे संपवले, घरभर फिरले, भिंतीवर टिचकी मारली आणि म्हणाले, "आजी, घर अगदी नवं झालंय. मग भाडंही नव्या घराचंच घ्यायला हवं ना?" आकडा ऐकून सुनेच्या हातातली बशी वाजली. जमत नसेल तर महिनाअखेर खाली करा, घेणारे तयार आहेत, हेही त्यांनी गोड आवाजातच सांगितलं.

तेव्हा मला आठवल्या त्या घाटकोपरच्या राणीसाहेब, म्हणजे तरुणपणीची मी. तिथल्या चाळीत आमची जुन्या कायद्याची खोली होती. भाडं मनाला येईल तसं वाढत नसे, कुणी उठवू शकत नसे. ह्यांना कारखान्याचं क्वार्टर मिळालं, घरात नळ, घरात संडास, आणि राणीसाहेबांनी खोली परत देऊन टाकली. शेजारीण म्हणाली होती, "अगो बाय, क्वार्टर नोकरीपुरता. खोली सोडू नको." मी नाक उडवून तिला म्हटलं, तुम्ही बसा बादल्या घेऊन रांगेत. केवढी ती अक्कल! नोकरी संपली, क्वार्टर गेलं.

मुलगा म्हणतो, त्याच कायद्यानं चाळी पडायला आल्या, मालक कशाला डागडुजी करतील? खरंय. ते गळकं छप्पर मी पाहिलंय. भाडं गोठवा असं मी म्हणतच नाही, महागाईबरोबर वाढू दे. पण किती वाढवायचं आणि कुणाला कधी उठवायचं, हे एकट्या मालकाच्या मर्जीवर नको. त्याला कायद्याचा लगाम हवाच.

शेवटी जादा पाळ्या करायचं ठरवून मुलानं सही केली. अकरा महिने मिळाले.

त्याच दुपारी हे बाथरूमकडे निघाले आणि मध्येच थांबले. हात भिंतीवर वरखाली फिरत राहिला.

"अगं," ते हळूच म्हणाले, "आपण घर बदललं का?"

मी त्यांना धरून नेलं, परत आणून बसवलं. मग चमचा उलटा धरला आणि दांडीनं पुट्टी खरवडायला लागले. सून बघतच राहिली. तिला म्हटलं, चीर ह्यांच्या बोटाला लागली पाहिजे, आणि पुढच्या खेपेला मालकाच्या डोळ्यांत खुपली पाहिजे. ती हसली. मी मात्र खरवडत राहिले.