पाण्यावरची शीळ

ज्या तपासाबद्दल माझ्या सेवापुस्तकात शाबासकीचा शेरा आहे, त्याच तपासात मी एक खोटे बोललो. ते खोटे आरोपीशी नव्हते, न्यायालयातही नव्हते. नवऱ्याचा शोध घेत आलेल्या एका बाईला ते मी सांगितले आणि पुढे कित्येक वर्षे तिला कळू दिले नाही. त्या दिवसांची आठवण आजही दुपारच्या डुलकीत येते, आणि तिच्याआधी एक शीळ ऐकू येते.

मी तेव्हा चोपड्याला फौजदार होतो. उन्हाळा होता. तापीच्या पांढऱ्या वाळूत एका पुरुषाचे प्रेत सापडले. डोक्यावर मागून घाव होता. अंगावर ओळखीची वस्तू नव्हती. उजव्या दंडावर मोर गोंदलेला होता, एवढेच. वाळूत गाडीच्या चाकोऱ्या होत्या, पण गाडी आणि बैल नव्हते. पंचनामा करून प्रेत दवाखान्यात पाठवले. डॉक्टरांनी तपासणी उरकली आणि संध्याकाळपर्यंत प्रेताची विल्हेवाट लावा, असा निरोप दिला. ऊन तसेच होते.

त्याच दुपारी असोद्याहून एक तरुण बाई आणि तिचे वृद्ध सासरे ठाण्यात आले. नवरा भाड्याची गाडी घेऊन निघाला होता, चार दिवस झाले तरी परतला नव्हता.

"काही खूण?" मी विचारले.

"दंडावर मोर गोंदला आहे, भाऊ," ती म्हणाली. "जत्रेत गोंदून आले व्हते. मी हासली, तं म्हने, तुले नाही दिसला तरी बैलायले दिसतो."

तिचे सासरे, म्हातारे आबा, हसले. तीही हसली. माझी लेखणी थांबली.

दवाखान्याची मागची खोली ठाण्यापासून चाळीस पावलांवर होती.

आमच्या जमादारांनी मला बाजूला घेतले. ते माझ्याहून वयाने मोठे होते. "साहेब, सांगून टाकू. अजून तोंड पाहता येईल."

मी सांगितले नाही. माझ्याकडे कारण होते, आणि ते कागदावर चांगलेही दिसले असते. सकाळीच खबऱ्याने कळवले होते की शिंदखेड्याच्या मोठ्या बैलबाजारात एक इसम नवी बैलजोडी विकायला काढणार आहे. खुनाचा बोभाटा झाला असता, तर त्याने जोडी सातपुड्यापलीकडे नेली असती आणि पुरावा हातचा गेला असता. बाजाराला नऊ दिवस होते.

"शोध चालू आहे," मी त्या बाईला म्हणालो. "मिळतील."

जमादार एवढेच बोलले, "तुमची मर्जी. पण तिच्या कपाळावरचं कुंकू रोज मला पाहायचं आहे. तुम्ही काय, मान खाली घालून लिहीत बसाल."

संध्याकाळी बेवारस म्हणून प्रेत नदीकाठी पुरले. सून आणि सासरे धर्मशाळेत उतरले. रोज सकाळी येऊन ठाण्याच्या आवारातल्या निंबाखाली बसत. ती नवऱ्याचे धुतलेले धोतर मांडीवर घडी करून ठेवी. आबा मला भुईमुगाच्या शेंगा देत आणि म्हणत, "खा फौजदार. पोरगा आला का तुमच्यासाठी केयीचा घड पाठवतो." केळ्यांचा तो घड मी मनात टाळीत असे. शेंगा मात्र खात असे.

तिसऱ्या दिवशी मी तिला बैलांच्या खुणा विचारल्या. तिने रंग, शिंगे सांगितली. अशा जोड्या खानदेशात शेकड्यांनी होत्या. मग ती जरा लाजून म्हणाली, "ते शिटी घालतात तवाच बैल पोटभर पितात. त्यायची शिटी येगळी आहे."

पाण्यावर बैलांना शीळ घालण्याची रीत आपल्याकडे सर्वत्र आहे. पण प्रत्येक गाडीवानाची शीळ निराळी, हे मला तिने शिकवले. बाईमाणसाने शीळ घालणे तेव्हा वावगे समजत. तिने सासऱ्यांकडे पाहिले. आबा म्हणाले, "घाल बाई. त्याच्यासाठीच घालायची आहे ना?" तिने पदर ओठांपुढे धरला आणि शीळ घातली. लांब, उतरती, शेवटी किंचित वर जाणारी. आवारातले शिपाई चालता चालता थांबले. निंबाची सावलीदेखील हलायची थांबली, असे मला वाटले.

जमादारांचे पुढचे दोन दात पडले होते. त्यांच्याकडून नुसती फुंकर निघे. "राहू द्या, जमादार," ती म्हणाली, "तुमच्या शिटीनं बैल पयून जातीन." म्हणून ती शीळ मी शिकलो. तीन सकाळी मी तिच्यासमोर बसून मेलेल्या माणसाची शीळ घोटली, आणि जमली तेव्हा ती आनंदाने म्हणाली, "आता सापडतीन."

बाजाराच्या दिवशी आम्ही साध्या कपड्यांत शिंदखेड्याला होतो. धुळीत सारे काही तरंगल्यासारखे दिसत होते. हौदाशी एक जोडी उभी होती, शिंगे नव्याने रंगवलेली, बरगड्या वर आलेल्या. बैल आपलेच, साऱ्या बाजाराला ठाऊक आहे, अशा तोऱ्यात जोडीचा धनी म्हणवणारा इसम म्हणाला, "बैल मनाच शेतस, सायेब. बठ्ठा बजारले माहीत शे."

मी शीळ घातली. डावीकडच्या बैलाने मान वर करून माझ्याकडे पाहिले, मग माझ्या मागे पाहिले. कोणालातरी शोधत असावा. मग दोघांनीही पाण्यात तोंडे घातली आणि पीतच राहिले. तो माणूस मटकन खाली बसला.

चौकशी लांबली नाही. तो वाटेत गाडीवर बसलेला सोबती होता. जोडीचा मोह पडला होता. "त्या मनाकडे देखेत, सायेब," तो बैलांबद्दल म्हणाला, "पन पोटभर पानी पेयेत नही." ज्या कुऱ्हाडीने घाव घातला ती त्याने काढून दिली. पुढे शिक्षा झाली.

मी सून आणि सासऱ्यांना सांगितले की प्रेताची ओळख कबुलीनंतर पटली. पुरलेले शरीर काढण्याजोगे उरले नव्हते. देह हाती नसला की करतात तसा पळसाच्या देठांचा पुतळा करून आबांनी त्याला अग्नी दिला. निघताना त्या बाईने मला वाकून नमस्कार केला.

त्यानंतर माझ्या हद्दीतल्या मृत्यूची बातमी घरच्यांना त्याच दिवशी, मी स्वतः नेऊन देऊ लागलो. टोपी काढून, जमिनीवर बसून. आधी पाणी, मग त्यांना बोलायचे असेल ते, जबाब सर्वांत शेवटी. पेन्शनीत आल्यावरही अशा घरच्यांबरोबर मी कचेरीत जातो, त्यांना कागद वाचून दाखवतो, मृताच्या वस्तू परत मिळेपर्यंत बाकावर बसतो. लोक याला माझा चांगुलपणा म्हणतात. तपासाने मला शिकवले ते इतकेच की पुरावा थांबू शकतो, प्रेत थांबत नाही, आणि माणसाचा निरोप घेण्याचा हक्क फौजदाराच्या सोयीने पुढे ढकलता येत नाही. पण हे शिकल्याची किंमत दुसऱ्या कोणीतरी भरली होती.

गेल्या वर्षी मी असोद्याला गेलो. आबा वारले होते. ती अंगणात कापूस निवडत होती. केस पांढरे झाले होते. तिने ओळखले. "बसा, भाऊ." मी बसलो आणि पहिल्यापासून सगळे सांगितले. तिचे हात थांबले.

तिने विचारले, "मी शिटी शिकवली, तवा तुमाले ठाऊक व्हतं?"

"होते."

"अन् आबांनी शेंगा दिल्या तवा?"

"तेव्हाही."

तिने हातातला कापूस खाली ठेवला. इतकी वर्षे घोटलेली सारी वाक्ये ओठांवर येण्याआधीच विरली. जे उरले तेवढेच मी म्हणालो, मोठ्याने, शेजारच्या अंगणात ऐकू जाईल असे:

"अक्का, तुमचा माणूस चाळीस पावलांवर होता, आणि मी तुम्हाला त्याचे तोंड पाहू दिले नाही. माझे चुकले. मला माफ करा."