कणीस दडवणारी बाई

मुलगी नोकरीला पुण्यात गेली आणि तिचा हॅमस्टर, उंदराएवढा पाळीव जीव, नगरला माझ्यापाशी राहिला. वाटीभर महागडे दाणे देऊनही तो कोपऱ्यात पडून असायचा. मी हात लावला की चावायचा.

एका संध्याकाळी मिरजगावची बाई दारावर बाजरी विकायला आली. पिंजऱ्यात डोकावून म्हणाली, "आयतं दिल्यावर त्यो करील काय? हुडकू द्या की, बाई." तिने वाळलं गवत पसरून त्यात बाजरीचं कणीस दडवलं. तो उठला, हुंगत, उकरत सगळीकडे फिरला आणि तिच्या बोटांना चिकटून दाणे सोलू लागला.

मला इतका हेवा वाटला, की तिला पाणीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलीने फोनवर त्याची धावपळ पाहिली. "आई, काय जादू केलीस?"

"गवतात कणीस दडवलं," मी म्हणाले. त्या बाईबद्दल चकार शब्द काढला नाही.