कयाधूवरचा भाकरतुकडा

काल हिंगोलीत कयाधूच्या पुलाला माजी सैनिकांचं नाव दिलं. पाटीच्या ओल्या रंगाचा वास आला आणि अण्णांची, माझ्या वडिलांची, नाव रंगवलेली पेटी आठवली.

लढाईवरून ते आले तेव्हा इथं पूल नव्हता आणि नदीला पूर होता. अण्णा पलीकडं पेटीवर बसलेले, आम्ही अलीकडं. आईच्या हातात भाकरतुकडा.

"आवं, आता कसा ओवाळू?" ती ओरडली.

"तिथूनच ओवाळ! पाणी उतरू दे. मी आता कुठं जाऊन राहिलो?"

आईनं त्यांच्या दिशेनं हात फिरवला आणि तुकडा पुरात टाकला. मला हसू आलं होतं.

आता दोघंही नाहीत. काल पाटीवरच्या सैनिकांच्या यादीत अण्णांचं नाव वाचलं. डब्यातली भाकर मोडली, नावावरून ओवाळली, कठड्यावरून खाली टाकली. नदीत पाणी नव्हतं. तुकडा वाळूवर पडून राहिला.