साडूभाऊ आणि आठ ओहमचा हॅलोजन

सर्व आप्तेष्टांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, नाकाडोंगरीपासून शहापूरपर्यंत आमच्या नात्यातलं एकही घर असं उरलेलं नाही, ज्याच्या विजेचा प्लग माझ्या साडूभाऊंनी तपासलेला नाही. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. पाहुणा घरात शिरला की पाणी मागतो. हे पाण्याचा पेला बाजूला सारतात आणि विचारतात, "व्होल्टेज किती येते तुमच्याकडे?"

मोहाडीच्या तहसील कचेरीतून ते निवृत्त झाले तेव्हा कचेरीने त्यांना शाल दिली आणि त्यांनी स्वतःला क्लॅम्पमीटर दिला. खेकड्याच्या नांगीसारखं हे यंत्र चालू तारेला चावलं की तारेतून किती अँपियर करंट वाहतोय ते दाखवतं. पुढचं साडूभाऊ सांगतात. व्होल्टेजला करंटने गुणलं की वॅट, म्हणजे वस्तू किती वीज खाते. व्होल्टेजला करंटने भागलं की ओहम, म्हणजे ती विजेला किती अडवते. जगातलं सगळं ज्ञान या एका गुणाकारात आणि एका भागाकारात मावतं, असं त्यांचं मत आहे. जे मावत नाही ते त्यांना नको आहे. मीटर एकाच तारेला लावावा लागतो, म्हणून दोन तारा सुट्या केलेली वीतभर एक्स्टेंशन त्यांच्या पिशवीत असते. चष्मा विसरतात, ती विसरत नाहीत.

आमची नवी इस्त्री हजार वॅटची असूनही नऊशे साठच खाते, हे शोधून त्यांनी तिला भर बैठकीत 'कामचोर' ठरवलं. तेव्हा माझी बायको इस्त्रीकडे न बघता माझ्याकडे का बघत होती, ते तिलाच ठाऊक. पण कळस झाला एका मयतीत. म्हातारबांना विजेच्या थंड पेटीत ठेवलं होतं, मुलगा ओक्साबोक्शी रडत होता. साडूभाऊंनी एका हाताने त्याची पाठ थोपटली, दुसऱ्या हाताने पेटीला मीटर लावला आणि म्हणाले, "रडू नको बेटा. पेटी करंट बराबर घेऊन राहिली. बापू मस्त थंडे राहतीन." मुलगा रडायचा थांबला, हे मात्र मान्य करावं लागेल.

त्यांची बायको म्हणजे आमची ताई. लग्नाआधी धानाच्या रोवणीत, म्हणजे भातलावणीत, गाणं तिने उचलायचं आणि बाकीच्या बायांनी मागून म्हणायचं, असं माझी बायको सांगते. लग्नानंतर साडूभाऊ बोलत राहिले आणि ताई "हो जी" म्हणत राहिली. यंदा बुद्धपौर्णिमेला शहापूरच्या विहारात महिला मंडळाच्या अध्यक्षबाईंनी तिचं नाव गाण्यासाठी घेतलं. महिनाभर ताई गॅसपाशी गुणगुणत होती. विहाराच्या लायटिंगची जबाबदारी साडूभाऊंकडे होती. दिली कोणीच नव्हती.

आम्ही दुपारी पोचलो तेव्हा मांडववाल्याने स्टेजसाठी दोन जुने हॅलोजन आणून ठेवले होते. साडूभाऊंनी मीटरच्या दोन सुया त्यातल्या एकाला टेकवल्या आणि न पेटवताच त्याचे ओहम मोजले. आठ ओहम! मग दोनशे तीस भागिले आठ, जवळपास एकोणतीस अँपियर. मग गुणाकार. मग किंकाळी.

"साडेसहा हजार वॅट! पाचशेचा म्हणते अन् साडेसहा हजार खाते! दोन लावले तं विहाराची वायर जळन!"

हॅलोजन रद्द. उजेड नाही म्हणून गाणी रद्द. वंदना करा, खीर खा, घरी जा.

खीर ढवळणाऱ्या ताईचा हात थांबला. "अन् माहं गाणं?"

"तुव्हं काय? घरी तं नुसतं हो जी, हो जी. माइकसमोर दातखीळ बसन. बरंच झालं नं."

ताईने पळी भांड्यात सोडली. "एक पेटवून तं पाहा जी. वायर जळली तं जळो."

"भाऊ," अध्यक्षबाई पदर खोचत म्हणाल्या, "तुमी पेटवता का आमी पेटवू?"

दिवेलागणीला साडूभाऊंनी सगळ्यांना मागे सरकवलं, शेजारी वाळूची बादली ठेवली आणि बटण दाबलं. हॅलोजन झगझगीत पेटला. वायर तशीच. व्होल्टेज दोनशे वीस, करंट दोन पॉइंट एक. तळहातावर बोटाने गुणाकार झाला: चारशे बासष्ट वॅट. भागाकार झाला: एकशे पाच ओहम. पुन्हा केला. तितकेच.

"दुपारी आठ अन् आता एकशे पाच?" साडूभाऊ मांडवाच्या खांबाला टेकले. मग पुटपुटले, "थंड्यात मोजलं नं मी. आतली तार तापली का रेझिस्टन्स वाढते. पेटल्यावर मोजा लागते, पेटल्यावर." मीटरचा असा अपमान त्यांनी आयुष्यात प्रथमच केला असावा.

दोन्ही हॅलोजन लागले. ताई माइकसमोर उभी राहिली. पहिली ओळ तिच्या पायाशीच पडली. साडूभाऊंनी वायरीला मीटर लावला आणि मान खाली घातली. दुसऱ्या ओळीला मात्र आवाज उठला तो मांडवाबाहेर गेला, हायवेवरच्या ट्रकांवरून पलीकडे गेला. खीर वाढणाऱ्या बाया जागच्या जागी थांबल्या. रोवणीच्या चिखलात हा आवाज कसा वाजत असेल आणि त्यानंतर किती वर्षं तो नुसत्या "हो जी"मध्ये गेला, या विचाराने माझ्यासारखा टवाळही खिरीची वाटी खाली ठेवून ऐकू लागला. साडूभाऊंची मान केव्हाच वर झाली होती. हात न लावल्यामुळे मीटर आपोआप बंद पडला होता, तेही त्यांना कळलं नाही.

गाणं संपलं. टाळ्या पडायच्या आधीच्या त्या शांततेत, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात साडूभाऊ बोलून गेले, "अरे बापा, इले बी मी थंड्यातच मोजलं होतं!"