गोमुखाच्या अलीकडे-पलीकडे

माझं माहेर लिंबागणेशजवळच्या एका खेड्यातलं. गावाबाहेर, ज्वारीच्या रानात, महादेवाचं जुनं हेमाडपंती देऊळ आहे. चुना नाही की माती नाही, काळ्या दगडावर काळा दगड नुसता बसवलेला. एका रात्रीत बांधलं, कोंबडा आरवला आणि शिखर राहून गेलं, असं सगळे सांगत. आमच्या मुलखातल्या प्रत्येक देवळाचं शिखर त्या कोंबड्यानंच अडवलेलं आहे. बिचाऱ्याला दुसरा उद्योगच नसावा.

निजामाचा अंमल होता, आणि मला चौसाळ्याला देऊन बरीच वर्षं झाली होती. एका शिवरात्रीला भावजयीचा निरोप आला, 'वन्सं, देवाला तरी या.' माय गेल्यापासून मी माहेरची वाट सोडली होती. राग भावजयीवर नव्हता, अक्कावर होता. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, दिंद्रुडला दिलेली. प्लेगाच्या साली तालुकदाराच्या हुकमानं गाव खाली झालं, माणसं रानात झोपड्या घालून राहिली आणि तिथंच मायला गाठ आली. अक्का तेव्हा माहेरी होती. तिनं मायचं सगळं केलं, अन् मला कळवलं ते सगळं उरकल्यावर. माझ्या मांडीवर तान्हं लेकरू होतं, म्हणून कळवलं नाही म्हणे. कारण मला पटत होतं, पण रागाला कुठं पटायला?

मला एकच गोष्ट हवी होती. जाताना मायनं माझी आठवण काढली का, एवढं कळायला हवं होतं. ते सांगू शकणारं माणूस जगात एकच होतं, आणि त्याच माणसाशी मी बोलणं टाकलेलं. यालाच आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात.

पण देवाला नाही म्हणवेना. पहाटे गड्यानं गाडी जुंपली आणि निघालो. पोटात उपास, डोळ्यांवर झोप, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा एकसुरी नाद. रानावर धुई उतरली होती. ज्वारीची कणसं तेवढी वर दिसत, खाली ताटं नव्हतीच जणू. त्यातून देऊळ एकदम समोर आलं. ते तिथं उभं होतं असं वाटलंच नाही, आत्ता कुणीतरी आणून ठेवलं असं वाटलं.

आत शिरले. तळव्यांना गार फरशी लागली. बेलाचा, तेलाचा आणि वटवाघळांचा मिळून एक वास येत होता, लहानपणी यायचा तोच. पिंडीवर टांगलेल्या कळशीतून थेंब थेंब पाणी पडत होतं. खांबाला टेकून मी ते ऐकत बसले आणि किती वेळ गेला ते कळलं नाही. देऊळ बांधणारी माणसं नुकतीच भाकरी खायला रानात गेली आहेत आणि आता हात धुऊन परत येतील, असं मला खरोखर वाटत होतं.

मग प्रदक्षिणेला निघाले. महादेवाची प्रदक्षिणा पुरी घालत नाहीत. पिंडीवरचं पाणी गोमुखातून बाहेर पन्हळीत पडतं, ती पन्हळ ओलांडायची नाही. तिथवर जायचं आणि आल्या वाटेनं मागं फिरायचं. मी लांबच्या बाजूनं, देवळाच्या पाठीमागून निघाले. भिंतीवर दगडी बाया आहेत, एक आरसा धरलेली, एक पायातला काटा काढणारी. धुईत त्या हलल्यासारख्या दिसत होत्या. गोमुखाशी पोचले तर पन्हळीच्या पलीकडे एक बाई ओंजळीत पाणी धरून वाकलेली. भिंतीवरचीच एक खाली उतरली की काय, असं क्षणभर वाटलं. तिनं पदर सावरला आणि मी ओळखलं. अक्का होती. किती वाळली होती!

भावजयीचा कावा तेव्हा माझ्या ध्यानात आला. तिनं दोघींना बोलावलं होतं आणि एकीची खबर दुसरीला लागू दिली नव्हती.

"कवा आलीस?" अक्कानं विचारलं. जणू परवाच भेटलो होतो.

इतकी वर्षं घोकून ठेवलेलं भांडण तोंडाशी आलं, पण बाहेर पडलं ते दुसरंच. "मायनं माझं नाव काढलं व्हतं का गं?"

अक्कानं ओले हात पदराला पुसले. "दुसरं काय व्हतं तिच्या तोंडी? तापात माणूस वळखत नव्हती. मला म्हणायची, धाकटे, आलीस का गं?"

"मग?"

"पयल्यांदा म्हणलं, माय, मी थोरली हाय. तर तोंड फिरवून रडाय लागली. मग म्हणत गेले, आले गं माय, धाकटीच हाय मी. तवा कुठं माझा हात धरून निजायची."

"मला कावून न्हाई सांगितलंस?"

"तू बोलत व्हतीस व्हय माझ्याशी?" ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "मला लई वाटायचं, एकदा तरी इचारंल, थोरली कुठं हाय म्हणून. न्हाई इचारलं."

मी पाऊल उचललं. "वलांडू नगंस!" अक्का ओरडली. "मागं फिर. मी नंदीपाशी हाय."

तिला चार पावलं होती, मला अख्ख्या देवळाचा वळसा होता. मी भिंतीला हात लावत निघाले. मायची शेवटची भेट अक्काला मिळाली आणि मला चुकली, असं मी आजवर धरून बसले होते. माय तर मला भेटून गेली होती. भेट चुकली ती अक्काची, आणि ती उशाशीच बसून होती. मला इतकं भरून आलं की मी देवाच्या दारी पळत सुटले.

कोपरा वळताच नंदीशेजारी ती दिसली. "अक्का!" मी लांबूनच हाक मारली.

"ओ," ती म्हणाली.

मी परत हाक मारली. तिनं परत ओ दिली.